वसाहतकार नवऱ्याचे पात्र कसे उलगडावे : ‘द पियानो’मधील स्ट्युअर्टच्या आधारे

जुन्या काळावरच्या चित्रपटातील सत्ता गाजवणाऱ्या नवऱ्याविषयी चित्रपट मंडळांच्या टिपणांमध्ये आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांमध्ये जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात फसते. ‘हा नवरा क्रूर आहे’ असे लिहून झाले की उरलेला लेख त्या विशेषणाला पुरावे जोडण्यात संपतो, आणि पात्राकडे पाहायचे राहूनच जाते. काही जण उलट टोकाला जातात. तो एकाकी होता, त्या काळात सगळेच तसे होते, असे म्हणून त्याला सोडून देतात. या दोन्ही चुका कामाचा क्रम उलटा धरल्यामुळे होतात, म्हणून पुढे तो क्रमच सविस्तर दिला आहे.

उदाहरण म्हणून जेन कॅम्पियन यांचा ‘द पियानो’ (१९९३) घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एडा मॅकग्राथ ही न बोलणारी स्कॉटिश स्त्री आपली मुलगी फ्लोरा आणि एक पियानो घेऊन न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरते. तिच्या वडिलांनी तिचे लग्न अॅलिस्डेअर स्ट्युअर्ट या वसाहतकाराशी परस्पर ठरवलेले असते आणि तिने त्याला कधी पाहिलेलेही नसते. स्ट्युअर्टचा शेजारी जॉर्ज बेन्स हे तिसरे पात्र. एडाची भूमिका हॉली हंटर, स्ट्युअर्टची सॅम नील, बेन्सची हार्वी कायटेल आणि फ्लोराची अॅना पॅक्विन यांनी केली आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, कारण पुढे शेवटापर्यंतचे सगळे प्रसंग येतात.

पूर्वतयारी : तीनदा पाहणे आणि एक नोंदवही

चित्रपट साधारण दोन तासांचा आहे. पहिल्यांदा तो काहीही न लिहिता सलग पाहावा. दुसऱ्यांदा फक्त स्ट्युअर्टची दृश्ये आवाज पूर्ण बंद करून पाहावीत. ही गोष्ट अनेकांना विचित्र वाटते, पण या पात्राचे निम्मे काम त्याच्या हातांत आणि उभे राहण्याच्या पद्धतीत आहे. तंग कोट, चिखलात रुतणारे बूट, कुणाला हात लावावा की लावू नये या संभ्रमात अर्धवट उचललेला हात हे सगळे संवाद चालू असताना सहज निसटते. तिसऱ्यांदा आवाजासह, थांबत थांबत पाहावा आणि त्या वेळी नोंदी कराव्यात.

नोंदवहीच्या पानावर पाच रकाने आखावेत. पहिल्यात दृश्याची वेळ, मिनिट आणि सेकंदासह. दुसऱ्यात तो काय करतो, ते केवळ क्रियापदात. तिसऱ्यात त्याच्या हातात कोणती वस्तू आहे ते लिहावे. चौथ्यात, त्या क्षणी निर्णय कोणाच्या वतीने आणि कोणाला विचारून घेतला जातो ते. पाचवा रकाना रिकामा ठेवावा. तो चौथ्या टप्प्यात लागेल.

संवाद उतरवताना सबटायटलच्या भाषांतरावर विसंबू नये. मूळ इंग्रजी वाक्य ऐकून आपल्या शब्दांत मराठीत आणावे आणि अवतरणचिन्हे टाळावीत. भाषांतरकाराच्या शब्दनिवडीवर उभारलेला मुद्दा मूळ संवादासमोर टिकत नाही, आणि हे मी स्वतः एकदा भर चर्चेत सगळ्यांसमोर शिकलो आहे.

*इशारा : चित्रपटात बळजबरीचे दोन प्रसंग आणि अंगच्छेदाचा एक प्रसंग आहे. गटाने पाहणार असाल तर आधी सांगावे, आणि ज्यांना ती दृश्ये पाहायची नाहीत त्यांना ती न पाहताही चर्चेत भाग घेता येईल अशी सोय ठेवावी.*

टप्पा १ : विशेषणे बाजूला, क्रियापदे आधी

नोंदवही भरताना एकही विशेषण लिहायचे नाही. ‘थंडपणे पाहतो’ असे लिहू नये, ‘पाहतो’ एवढेच लिहावे. हा नियम कृत्रिम वाटला तरी तो पाळल्याशिवाय पुढचे टप्पे जमत नाहीत.

किनाऱ्यावर पोहोचण्याआधीचे दृश्य घ्या. एडा आणि फ्लोरा यांनी घागऱ्याच्या सांगाड्याचा तंबू करून वाळूवर रात्र काढलेली आहे. त्यांना न्यायला निघालेला स्ट्युअर्ट रानात थांबतो, खिशातून एडाचे छोटे छायाचित्र काढतो, आणि त्याच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून केस विंचरतो. नोंद इतकीच व्हावी : बायकोचे चित्र काढतो, त्याचा आरसा करतो. ‘आत्ममग्न’ हा शब्द आत्ताच लिहिला तर हे दृश्य त्या शब्दापुरते उरेल, आणि पुढे तो तिच्याकडे ज्या ज्या चौकटीतून पाहणार आहे त्यांच्याशी याचा धागा जोडता येणार नाही.

त्यानंतरच्या किनाऱ्यावरच्या भेटीत तो तिच्या लहान चणीविषयी बोलतो. बेन्सला मत विचारतो, तेव्हा बेन्स म्हणतो की ती दमलेली दिसते. स्ट्युअर्ट मात्र तिची वाढ खुंटल्यासारखी आहे, असा शेरा मारतो. दोघेही एकाच स्त्रीकडे पाहत आहेत. एकाला तिची अवस्था दिसते, दुसऱ्याला आलेल्या मालाचे माप. (हे माझे वाक्य झाले आणि ते नोंदवहीत नको, तिथे फक्त दोघांची उत्तरे समोरासमोर लिहावीत.)

यानंतर पियानोचा निर्णय येतो. माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) हमाल इतर सगळे सामान उचलतात, पियानो जड म्हणून वाळूवरच राहतो. एडा फ्लोराच्या तोंडून विनवते. कपडे आणि स्वयंपाकाची भांडी सोडून हे हवे आहे की काय, याचेच त्याला आश्चर्य वाटते. चौथ्या रकान्यात इथे नोंद येईल ती अशी : विचारले जाते, पण विचारणे निर्णय झाल्यानंतरचे असते.

*तपासणी : पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी वाचून पाहा. ‘कठोर’, ‘निर्दय’, ‘बिचारा’, ‘कोरडा’ यांपैकी एकही शब्द आढळला तर तो खोडून त्या जागी क्रियापद लिहा.*

टप्पा २ : पात्र येण्याआधी त्याच्याविषयी काय सांगितले गेले

हा टप्पा छोटा आहे, पण तो बहुतेक जण गाळतात. स्ट्युअर्ट पडद्यावर येण्याआधीच एडाच्या मनातल्या आवाजातून आपल्याला त्याचे एक वाक्य कळलेले असते. ती न बोलणारी आहे याची त्याला अडचण नाही, कारण देवाला मुकी जनावरे आवडतात, मग आपल्याला का नाही, अशा अर्थाचे त्याने पत्रात लिहिलेले असते. एका वाक्यात त्याने स्वतःला देवाच्या रांगेत आणि तिला जनावरांच्या रांगेत बसवले आहे, आणि तेही उदारपणे. त्याला यात काही गैर वाटत नाही. हे वाक्य पानाच्या माथ्यावर लिहून ठेवावे. चित्रपटाच्या शेवटाकडे, बोट तोडल्यानंतर, आपण केवळ तुझा पंख छाटला आहे अशा अर्थाचे तो तिला सांगतो तेव्हा जनावराची तीच उपमा परत येते. सुरुवातीचे वाक्य नोंदलेले नसेल तर ही जोडी हातून सुटते.

टप्पा ३ : कायदा आणि स्वभाव वेगळे काढणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

बेन्स स्ट्युअर्टला ऐंशी एकर जमिनीच्या बदल्यात पियानो मागतो. स्ट्युअर्ट एडाला न विचारता सौदा करतो, वर तिनेच बेन्सला शिकवणी द्यायची असेही ठरवतो. एडा चिडून कागदावर लिहिते की पियानो माझा आहे. तो उत्तर देतो की आता आपण एक कुटुंब आहोत, सगळे त्याग करतात, तसा तिलाही करावा लागेल. यावर लिहिताना ‘त्याने तिचा पियानो लुबाडला’ असे वाक्य जवळपास प्रत्येक निबंधात सापडते.

ते वाक्य चुकीचे आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे, आणि न्यूझीलंडच्या वसाहतीत इंग्रजी कायदाच लागू होता. तिथे विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा १८८४ मध्ये झाला, इंग्लंडमध्ये १८८२ मध्ये. चित्रपट त्याच्या कितीतरी आधी घडतो. म्हणजे पियानो कायद्याने स्ट्युअर्टचाच होता आणि त्याला काही लुबाडण्याची गरजच नव्हती. विश्लेषणाचा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो : कायद्याने हातात दिलेला अधिकार हा माणूस कसा वापरतो? तो कायद्याचे नाव काढत नाही. त्याऐवजी ‘कुटुंब’ आणि ‘त्याग’ हे शब्द वापरतो, आणि या त्यागातून ऐंशी एकर कोणाच्या नावावर होणार आहेत, याचा उल्लेख करत नाही. अधिकार कायद्यातून आला, त्याच्यावर चढवलेली भाषा मात्र त्याची स्वतःची आहे. स्वभाव शोधायचा असेल तर तो या भाषेत सापडतो.

जमिनीच्या बाबतीत याच्या जवळजवळ उलट स्थिती आहे. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वायटांगी कराराच्या इंग्रजी मसुद्यानुसार माओरींकडून जमीन घेण्याचा हक्क राजसत्तेने स्वतःकडे राखला होता, आणि तो १८६२ च्या कायद्याने सोडला गेला. चित्रपटात साल सांगितलेले नाही, पण तो १८६२ च्या आधी घडतो असे धरले तर बायकोच्या पियानोवर स्ट्युअर्टचा अधिकार निर्विवाद होता आणि माओरींची जमीन परस्पर विकत घेण्याचा मात्र नव्हता. तरीही दोन्हीकडे तो सारख्याच सहजतेने सौदा करायला बसतो. ही नोंद दोन ओळींत करून पुढे जावे. त्यावरून ‘दिग्दर्शिकेने इतिहास चुकवला’ असा लेख लिहायला बसलात तर पात्र पुन्हा हातातून जाईल.

*इशारा : मराठी लेखकांना या जागी रखमाबाईंचा खटला आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांची मागणी केली ती इंग्रजी चर्चच्या कायद्यातून आलेल्या हत्याराने, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. पण तुलना इथेच थांबवावी. ती कायद्याच्या हत्याराची तुलना आहे, माणसांची नाही. दादाजी स्वतः परक्या राज्याखालचे प्रजाजन होते. स्ट्युअर्ट त्या राज्याचा लाभार्थी आहे. दोघांना ‘जुन्या काळचा नवरा’ या एकाच खणात टाकले की ‘वसाहतकार’ या शब्दाचा अर्थच निघून जातो.*

टप्पा ४ : जमीन आणि बायको एकाच पानावर

आता पाचवा रकाना उघडावा. स्ट्युअर्ट जमिनीशी जे करतो आणि एडाशी जे करतो, ते या रकान्यात समोरासमोर मांडायचे आहे. हा टप्पा घाईने उरकू नये. माझ्या मते या पात्राचा गाभा इथेच आहे.

जमिनीच्या बाजूला काय येते? घराभोवतीचे रान त्याने जाळलेले आहे. जळके बुंधे चिखलात उभे आहेत आणि कुठेही सावली नाही. माओरींना जी जमीन तो मागतो आहे ती त्यांच्या पूर्वजांच्या दफनाची असल्याने ते द्यायला तयार नाहीत. त्यावर त्याची बेन्सकडे तक्रार अशी की हे लोक तिथे शेती करत नाहीत, रान जाळून साफ करत नाहीत, मग ती आपली आहे हे त्यांना कळते तरी कसे? या प्रश्नाचा अर्थ सोपा आहे. त्याच्या लेखी मालकी वापरातून सिद्ध होते, आणि वापर म्हणजे कापणे, जाळणे, कुंपण घालणे. जी गोष्ट कोणी नुसती सांभाळतो, जिच्याशी कोणाचे न दिसणारे नाते आहे, ती त्याला रिकामी दिसते.

आता बायकोच्या बाजूला पियानो ठेवून पाहा. वाळूवरचा पियानो त्याला ओझे वाटतो, कारण त्याचा उपयोग दिसत नाही. एडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्ट्या कोरून आवाजाविना वाजवते, तेव्हा तो आँट मोराग या आपल्या नात्यातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलताना तिच्या डोक्यात बिघाड तर नाही ना, अशी शंका काढतो. टेबलाचा उपयोग त्याला ठाऊक आहे, आवाज न करणाऱ्या पट्ट्यांचा नाही. आणि ऐंशी एकरांचा भाव मिळताच तोच पियानो एकदम मोलाचा ठरतो. बेन्स पुढे तो एडाला परत देऊन टाकतो, तेव्हा स्ट्युअर्टची पहिली चिंता जमीन परत द्यावी लागेल की काय, ही असते.

मग कृतींच्या जोड्या लावाव्यात. शेतात कुंपण, घरात खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या आणि दाराला बाहेरून अडसर. रानावर कुऱ्हाड, पियानोवर कुऱ्हाड, मग बोटावर. फ्लोरा एडाचे पत्र म्हणून नेत असलेली पियानोची पट्टी बेन्सकडे न नेता स्ट्युअर्टकडे आणते त्या क्षणी तो डोंगरावर कुंपण घालत असतो, हा योगायोग नक्कीच नाही. एकाच माणसाच्या हातात एकच अवजार आहे, फक्त दिशा बदलते. या दृश्यांत तो नव्याने क्रूर झाला असे लिहू नये. त्याला जे काम येते तेच तो करतो, असे लिहिता येते का ते पाहावे.

आणखी एक दृश्य सहसा कोणी घेत नाही. फ्लोरा इतर मुलांसोबत झाडांच्या बुंध्यांना अंग घासण्याचा खेळ खेळते, तेव्हा स्ट्युअर्ट तिला ते बुंधे साबणाच्या पाण्याने धुवायला लावतो. एका पोरीकडून झाडे धुवून घेणारा माणूस हे चित्र हास्यास्पद आहे, आणि तसेच ते घ्यावे. पण पाचव्या रकान्यात याच्याइतकी नेमकी नोंद दुसरी मिळणार नाही : रान, शरीर आणि लाज तो एकाच बादलीत बुडवतो.

*तपासणी : पाचव्या रकान्यातल्या जोड्या झाकून फक्त बायकोकडची बाजू वाचा. वाचताना हा माणूस कुठल्याही देशातला, कुठल्याही शतकातला संशयी नवरा वाटत असेल, तर वसाहत तुमच्या विश्लेषणात अजून आलेली नाही.*

टप्पा ५ : तो पाहतो कसा

या टप्प्यात कॅमेऱ्याकडे लक्ष द्यायचे आहे. छायाचित्राच्या काचेपासून सुरू झालेली साखळी पुढे चालू राहते. लग्नाचा फोटो पावसात, रंगवलेल्या पडद्यासमोर काढला जातो, त्यासाठी एडाच्या अंगावर समोरून नुसता अडकवलेला लग्नाचा पोशाख असतो आणि फोटो होताच ती तो ओरबाडून काढते. म्हणजे या लग्नात फोटो खरा आहे आणि पोशाख दर्शनी. पुढे एडा बेन्सकडे जाते, तेव्हा स्ट्युअर्ट झोपडीच्या फटीतून पाहतो, मग फरशीखाली शिरून वरच्या फळ्यांकडे पाहत पडून राहतो. कुत्रा त्याचा हात चाटतो, वरून एक गुंडी खाली पडते.

तो आत का गेला नाही, ओरडला का नाही, हा प्रश्न इथे लिहून ठेवावा आणि त्याचे एकच उत्तर ठरवण्याची घाई करू नये. धक्का, कुतूहल, वासना, अपमान यांपैकी प्रत्येकासाठी अभिनयात काही ना काही आधार मिळतो. महत्त्वाचे हे की इथे कॅमेरा आपल्यालाही त्याच्या शेजारी आडवे करतो. प्रेक्षक म्हणून आपणही फटीतून पाहत असतो. ज्या लेखात ‘स्ट्युअर्ट चोरून पाहतो’ एवढेच येते आणि आपल्या जागेविषयी काही येत नाही, तो लेख दृश्य नुसते सांगतो.

टप्पा ६ : चढत्या पायऱ्या गृहीत धरू नका

नियंत्रणाचे विश्लेषण करताना एक तयार साचा हाताशी असतो : आधी बोलणे, मग बंधन, मग मार. स्ट्युअर्टच्या बाबतीत तो बसत नाही, म्हणून घटनांचा खरा क्रम कागदावर मांडावा.

सुरुवातीला तो थांबतो. बायको जवळ येत नाही तर काही दिवस जाऊ द्यावेत, असे धोरण धरून तो जमिनीच्या कामासाठी दूर जातो. फटीतून पाहिल्यानंतर तो एडाला रानात गाठतो आणि बळजबरी करू पाहतो. फ्लोराच्या हाकेने ते थांबते. त्यानंतर घराला फळ्या. आतमध्ये एडा रात्री त्याच्याजवळ येते, त्याला स्पर्श करते, पण तो तिला स्पर्श करू पाहतो तेव्हा ती सरकते. तिला मी का आवडत नाही, असे तो विचारतो, आणि सॅम नील यांनी ते इतक्या उघड्या चेहऱ्याने विचारले आहे की प्रेक्षक क्षणभर त्याच्या बाजूला झुकतो. मग तो फळ्या काढतो, विश्वास ठेवायचे ठरवतो, बेन्सला न भेटण्याची अट घालतो. कुऱ्हाड त्यानंतर येते.

म्हणजे सर्वांत भयंकर कृती कैदेच्या काळात न होता मोकळीक दिल्यावर होते. याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याने दिलेला विश्वास हा एक व्यवहार होता. त्याने किंमत मोजली होती, आणि मोबदला आला नाही. कुऱ्हाडीच्या वेळचा त्याचा आक्रोश फसवल्या गेलेल्या खरेदीदाराचा आहे. बोट तोडल्यानंतर तो म्हणतो की तूच मला तुला इजा करायला भाग पाडतेस. हे वाक्य आजही आपल्या कानावर येत असते, त्यामुळे त्यावर भाष्य करण्याचा मोह होईल. तो आवरावा, नोंदवहीत ते ‘त्याग’च्या वाक्याशेजारी ठेवले की दोन्ही ठिकाणी कर्ता कसा बदलला जातो ते आपोआप दिसते.

*इशारा : गावातल्या छायानाटकात निळ्या दाढीच्या माणसाची गोष्ट दाखवली जाते, त्याआधी पाद्री कागदी कुऱ्हाडीने सावलीत हात कसा तुटलेला दिसेल ते करून दाखवतो. हे पूर्वसूचन आहे, पण त्यावरून ‘स्ट्युअर्ट म्हणजे निळी दाढी’ असे समीकरण मांडू नये. त्या गोष्टीतला नवरा बायका मारत आलेला असतो. स्ट्युअर्टला बायको नवीन आहे. नाटक पाहताना माओरी पुरुष बायकांना वाचवायला रंगमंचावर धावतात, तेव्हा वसाहतकार प्रेक्षक त्यांना अडाणी समजतात. पुढे खरी कुऱ्हाड उचलली जाते तेव्हा मध्ये कोणी पडत नाही. लिहायचे असेल तर यावर लिहावे.*

टप्पा ७ : तीच फूटपट्टी बेन्सला लावणे

हा टप्पा गाळला की विश्लेषण एकतर्फी होते. बेन्सच्या चेहऱ्यावर माओरी पद्धतीचे अर्धवट गोंदण आहे, तो त्यांची भाषा बोलतो, स्ट्युअर्टचा दुभाषा आहे. म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही. ऐंशी एकर त्याच्याकडेही होतेच. आणि पियानो एडाला परत मिळवण्यासाठी त्याने घातलेली अट एकेका काळ्या पट्टीच्या हिशोबाने शरीराची आहे. हाही सौदाच. फरक पुढे पडतो : हा व्यवहार तुला वेश्या आणि मला हीन करतो आहे, हे ओळखून बेन्स तो स्वतः मोडतो आणि पियानो मोबदल्याविना परत पाठवतो. स्ट्युअर्टचा एकही सौदा त्याने स्वतः, तोट्यात जाऊन, मोडलेला नाही. अगदी शेवटपर्यंत नाही, आणि त्या शेवटाचा विचार पुढच्या टप्प्यात आहे.

एडाच्या वडिलांनाही एक ओळ द्यावी. तिला पाहिलेल्या नसलेल्या माणसाकडे समुद्रापार पाठवणारे ते आहेत, आणि पडद्यावर त्यांना जवळजवळ जागा नाही.

माओरींबाबत चित्रपटाचीही कसोटी घ्यावी. स्ट्युअर्टला ते चालता चालता वेडावून दाखवतात, त्याच्या ताठरपणावर हसतात, आणि त्या हसण्यामुळे आपल्याला तो बाहेरून दिसतो. पण त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला चित्रपट फारशी जागा देत नाही. गोऱ्या माणसांच्या वासनेचे आणि संकोचाचे ते पार्श्वसंगीत होऊन राहतात, अशी तक्रार मला रास्त वाटते. स्ट्युअर्ट वसाहतकार आहे हे दाखवणारा चित्रपट काही ठिकाणी स्वतः वसाहतकाराच्याच नजरेने पाहतो. हे लिहिल्याने पात्राचे विश्लेषण कमकुवत होत नाही.

टप्पा ८ : सहानुभूतीची जागा ठरवणे

स्ट्युअर्टविषयी काहीच वाटू नये, असा आग्रह धरणारे विश्लेषण खोटे होते. तो पोरका दिसतो, आँट मोरागच्या सल्ल्यावर चालतो, त्याला स्पर्शाची भीती आणि ओढ दोन्ही आहेत. चूक होते ती ही माहिती कुठे ठेवायची यात. तिला निकालाच्या जागी ठेवले की सबब होते. तिला क्रियापदाच्या शेजारी ठेवावे : ‘तो घाबरलेला आहे आणि दार बाहेरून बंद करतो.’ या वाक्यातला ‘आणि’ बदलून ‘म्हणून’ करू नये, ‘पण’ही करू नये.

जखमी, तापात असलेल्या एडाजवळ तो बसतो आणि तिथेही त्याचा हात पुढे जातो. मग त्याला तिचा आवाज डोक्यात ऐकू येतो, किंवा आल्यासारखे वाटते. त्याच रात्री बंदूक घेऊन तो बेन्सकडे जातो आणि तिला इथून घेऊन जा म्हणतो; सकाळी उठल्यावर हे सगळे स्वप्न होते असे वाटावे, एवढीच त्याची इच्छा उरते. इथे दोन वाचने शक्य आहेत. एक, आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचे ऐकले. दुसरे, तिने कधी न उच्चारलेले शब्दही त्याने स्वतःच तिच्या नावावर लिहिले आणि पुन्हा एकदा तिच्या वतीने निर्णय घेतला. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण तिला सोडतानाही तो तिच्याशी बोलत नाही, बेन्सशी बोलतो. बायकोचे हस्तांतर पुन्हा दोन पुरुषांत होते, जसे पहिल्यांदा वडील आणि त्याच्यात झाले होते. पहिले वाचन निवडणाऱ्याने मात्र चौथा रकाना उघडून, या रात्रीच्या निर्णयाची नोंद पियानोच्या निर्णयाहून वेगळी कशी ठरते, ते दाखवायला हवे.

टप्पा ९ : लेखात मांडण्याचा क्रम

नोंदवहीतला क्रम आणि लेखातला क्रम सारखा ठेवण्याची गरज नाही. माझ्या अनुभवात एका छोट्या वस्तूपासून सुरुवात केलेली बरी पडते. छायाचित्राची काच किंवा साबणाची बादली चालेल, कुऱ्हाड नको. कुऱ्हाडीने सुरू झालेला लेख मागे वळून प्रत्येक दृश्यात कुऱ्हाड शोधत बसतो, आणि माझा या चित्रपटावरचा पहिला लेख नेमका तसाच झाला होता. कायद्याचा भाग एका परिच्छेदापलीकडे नेऊ नये. पाचव्या रकान्यातल्या सगळ्या जोड्या न देता दोन किंवा तीन निवडाव्यात आणि त्या दृश्याच्या वेळेसह द्याव्यात.

सॅम नील यांना त्याच वर्षीच्या डायनोसॉरच्या चित्रपटातून ओळखणारा वाचक त्यांच्याकडे वेगळ्या मायेने पाहतो. त्याविषयी लिहायचे असल्यास तळटीप पुरेशी आहे. मायकेल नायमन यांच्या संगीतावर किंवा स्टुअर्ट ड्रायबर्ग यांच्या छायाचित्रणावर स्वतंत्र परिच्छेद लिहिण्यापेक्षा स्ट्युअर्टच्या कोणत्या दृश्यात पियानो थांबतो आणि पाऊस ऐकू येतो, एवढे शोधून लिहिले तर ते या लेखाच्या कामाचे ठरेल.

*शेवटची तपासणी : एडा आणि बेन्स नेल्सनला राहायला जातात त्या शेवटच्या भागात स्ट्युअर्ट नाही. तुमच्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात तो असेल, तर तो तिथे काय करतो आहे ते स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर असे निघते की तो परिच्छेद एडाविषयीचा आहे आणि दुसऱ्या लेखात जायला हवा.*